सातमाश्या बाळाची आई दाराबाहेर का?

अपुऱ्या दिवसांच्या मुलासाठी आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, सातमाशे. या शब्दाला थोडी दया चिकटलेली आहे आणि थोडी थट्टाही. अंगाने कृश असलेल्या मोठ्या माणसालासुद्धा हे विशेषण गमतीने लावले जाई. त्याच्या जोडीला घरोघरी एक समजूत चालत आली : सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते, आठव्यात जन्मलेले जगत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या महिन्यात ओज माता आणि गर्भ यांच्यात अस्थिर असते, म्हणून त्या महिन्यातील प्रसूती धोक्याची, असे प्रतिपादन आहे. ग्रीकांच्या हिपोक्रेटिक ग्रंथांतही आठव्या महिन्याच्या मुलाविषयी हीच भीती व्यक्त झाली आहे. दोन दूरच्या संस्कृतींनी एकच गोष्ट सांगितली म्हणून ती खरी ठरत नाही. गर्भाशयातला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या पदरात काही ना काही टाकतच असतो आणि बत्तिसाव्या आठवड्यापेक्षा चौतिसाव्यात जन्मलेल्या मुलाची स्थिती निश्चितपणे बरी असते, हे आज निर्विवाद आहे. ही समजूत आता निरुपद्रवी म्हणून सोडून देता येत नाही. 'आठव्यातले आहे, काय टिकणार' या एका वाक्याने गाडी बोलावण्यात दोन तास गेले, तर त्या दोन तासांची किंमत बाळ मोजते.

प्रश्न किती मोठा आहे? ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळास वैद्यकशास्त्र अपुऱ्या दिवसांचे मानते. २०२० या एका वर्षात जगभरात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख मुले जन्मली आणि त्यांपैकी ३० लाखांहून अधिक एकट्या भारतात. म्हणजे जगातल्या दर पाच सातमाश्या मुलांत एकाहून अधिक मूल आपले आहे. लोकसंख्येच्या वाढीवर आणि घटीवर तावातावाने बोलणाऱ्या आपल्या समाजात या तीस लाखांची चर्चा अभावानेच होते.

या बाळाजवळ नेमके काय कमी असते, हे आधी समजून घेतले पाहिजे. त्याच्या फुप्फुसांत हवेच्या सूक्ष्म पिशव्या उघड्या ठेवणारा स्निग्ध द्राव पुरेसा तयार झालेला नसतो, त्यामुळे प्रत्येक श्वास नव्याने फुगा फुगवावा इतका कष्टाचा होतो. त्वचेखाली चरबी नसल्याने अंगातली ऊब झपाट्याने निघून जाते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारणतः चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास जमतो; त्याआधी बाळाला स्तनाशी लावले तरी ते पिऊ शकेलच असे नाही. श्वास, ऊब आणि दूध या त्याच्या तीन गरजा आहेत. यांपैकी पहिलीसाठी यंत्र आणि औषध अनेकदा लागतेच. दुसरी आणि तिसरी आईजवळ आहे. आपल्या रुग्णालयांची व्यवस्था मात्र तिन्ही गोष्टी यंत्राकडे सोपवून आईला दाराबाहेरच्या बाकावर बसवते. या लेखाचा मुद्दा एवढाच आहे.

यंत्राचे आणि औषधाचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला. साडेपाच आठवडे आधी जन्मलेला, वजन दोन किलोच्या थोडे वर. जगातील सर्वांत सामर्थ्यवान गृहस्थाच्या त्या मुलाला बॉस्टनच्या नामांकित रुग्णालयात नेण्यात आले आणि ३९ तासांत ते फुप्फुसाच्या याच विकाराने गेले. आज तेवढ्या दिवसांचे आणि तेवढ्या वजनाचे बाळ आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयातून सहसा सुखरूप घरी जाते. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउवी या दोघा डॉक्टरांनी दाखवून दिले की, वेळेआधी कळा सुरू झालेल्या स्त्रीला स्टिरॉइडची सुई दिली तर पोटातल्या बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात. १९८० साली जपानमध्ये फुजिवारा यांनी तो स्निग्ध द्राव बाहेरून फुप्फुसात सोडण्याचा प्रयोग यशस्वी केला. स्टिरॉइडचे औषध अतिशय स्वस्त आहे. २०१४ मध्ये केंद्र शासनाने परिचारिकेलाही, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सबाईंनाही, त्याची पहिली मात्रा देऊन गरोदर स्त्रीस पुढे पाठवण्याची मुभा दिली. मुदतीआधी कळा येऊ लागल्या तर 'बघू सकाळपर्यंत' म्हणायचे नाही, हे प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या बाईला ठाऊक असले पाहिजे, ते यासाठी.

पण यंत्राच्या आगमनाबरोबर आणखी एक गोष्ट घडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये तार्निए यांनी काचेची उबदार पेटी वापरात आणली. त्यांचेच शिष्य पिएर बुदाँ यांच्या लक्षात आले की, पेटीतल्या बाळापासून दुरावलेल्या आईची बाळाविषयीची ओढच ओसरते. म्हणून आईला पेटीजवळ येऊ द्यावे, तिने पाजावे, असा आग्रह ते धरत राहिले. पुढे ही पेटी अमेरिकेत गेली आणि न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत मार्टिन कूनी नावाच्या गृहस्थांनी सुमारे चाळीस वर्षे सातमाशी बाळे पेट्यांत ठेवून तिकीट लावून दाखवली. तिकिटाच्या पैशांतून त्या बाळांचा खर्च भागे आणि पुष्कळ बाळे वाचलीही, हे कूनींच्या पदरात टाकले पाहिजे. तरीही ते चित्र विसरता येत नाही : मध्ये काच आणि काचेबाहेर प्रेक्षक. जत्रा बंद झाली. काच राहिली, आणि प्रेक्षकांच्या जागी आई आली.

ही काच ओलांडली ती एका गरीब देशाने, तीही अडचणीपोटी. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एदगार रेय सानाब्रिया यांच्या रुग्णालयात पेट्या कमी होत्या. एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत आणि एकाचा संसर्ग दुसऱ्याला होई. त्यांनी बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी, तिच्या त्वचेला त्वचा लावून, उभे बांधायला सुरुवात केली. जगाने त्याला कांगारू मातृसेवा असे नाव दिले. आपल्या आज्यांना या नावाचे हसू आले असते. बाळ उराशी धरायला कांगारू कशाला हवा? तथापि हेही मान्य केले पाहिजे की, आपल्या बाळंतिणीच्या खोलीत बाळ कापसात गुंडाळून, शेगडीच्या उबेला, आईपासून वेगळे ठेवण्याचीच पद्धत जास्त होती. उघड्या त्वचेला उघडी त्वचा ही गोष्ट आपणही नव्याने शिकत आहोत.

दीर्घकाळ असे मानले गेले की, ही पद्धत केवळ स्थिरावलेल्या बाळासाठी आहे. आधी पेटीत जगवा, मग आईकडे द्या. २०२१ साली हा क्रमच चुकीचा ठरला. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या पाच देशांतील पाच रुग्णालयांत १ किलो ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने अभ्यास झाला. भारतातील केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. एका गटातील बाळांना जन्मल्यापासूनच आईच्या किंवा घरातील दुसऱ्या कुणाच्या छातीशी ठेवले, दिवसाकाठी सरासरी जवळजवळ १७ तास. दुसऱ्या गटाला प्रथम नेहमीचे यांत्रिक उपचार आणि स्थिरावल्यानंतर आई. पहिल्या २८ दिवसांत दुसऱ्या गटातील १५.७ टक्के बाळे दगावली, पहिल्या गटातील १२ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की दुसऱ्या गटाला या उपचारापासून वंचित ठेवणे अनुचित म्हणून अभ्यास मुदतीआधी थांबवण्यात आला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपली शिफारस त्यानुसार बदलली.

या अभ्यासातली माझ्या मते सर्वांत महत्त्वाची बाब आकड्यांच्या पलीकडे आहे. बाळ आईच्या छातीशी ठेवायचे तर आई अतिदक्षता कक्षात हवी. म्हणून तिची खाटच कक्षात आणण्यात आली आणि बाळंतिणीची तपासणीही तिथेच होऊ लागली. बालरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ या दोन विभागांना एकाच खोलीत नांदावे लागले. रुग्णालयाच्या कारभाराची ज्यांना कल्पना आहे त्यांना ही क्रांती किती अवघड होती हे वेगळे सांगायला नको.

आपल्या शहरांतील बहुसंख्य कक्षांचा शिरस्ता आजही वेगळा आहे. दारावर वेळेची पाटी. आईला दिवसातून ठरावीक वेळा, ठरावीक मिनिटे. सिझेरियन झालेली आई वरच्या मजल्यावर किंवा दुसऱ्याच इमारतीत, आणि बाळ हलवले असेल तर दुसऱ्या गावात. कारण विचारले की उत्तर एकच मिळते : संसर्ग होईल. वरील अभ्यासात आईजवळ असलेल्या गटात जंतुसंसर्गाचे प्रमाण उलट कमी आढळले. बाळाला आपल्या घरचे जंतू आणि आईच्या दुधातून त्यांच्याविरुद्धचे संरक्षण एकाच वेळी मिळते. हातांतून हातांत फिरणारे रुग्णालयाचे जंतू ही खरी भीती आहे. जागेची अडचण मात्र खरी आहे आणि परिचारिकांची कमतरताही खरी आहे. पण आई कक्षात असेल तर परिचारिकेचे काम वाढते की हलके होते, याचाही कुणी प्रामाणिकपणे हिशेब करावा. यंत्राच्या खरेदीला फीत कापण्याचा समारंभ असतो, देखभालीला नसतो. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील नवजात कक्षाला रात्री आग लागून दहा अर्भके गेली, ती आठवण महाराष्ट्राने इतक्या लवकर पुसून टाकू नये.

आता दुधाकडे येऊ. सातमाश्या बाळाचे आतडे कोवळे असते. डब्याच्या पावडरीचे दूध त्याला सोसत नाही आणि आतड्याचा पडदा सडण्याचा एक भयंकर विकार जडू शकतो. १९९० साली इंग्लंडमधील ल्यूकस आणि कोल यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, केवळ डब्याच्या दुधावर असलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हा विकार आईच्या दुधावरील बाळांपेक्षा सहा ते दहा पट आढळला. म्हणून पहिल्या दिवशीचा पिवळसर चीक, थेंबभर का होईना, हे या बाळाचे पहिले औषध. बाळ ओढू शकत नसेल तर आईने हाताने पिळून काढावा, नळीने द्यावा, पुढे वाटी-चमच्याने. रुग्णालयात ज्याला पलाडाई म्हणतात ते आपले बोंडलेच. उकळून स्वच्छ केलेले असले की झाले. आईला दूध येत नाही अशी तक्रार या काळात हमखास ऐकू येते. तीन मजले दूर ठेवलेल्या, बाळाचा चेहराही धड न पाहिलेल्या आईला दूध कसे येणार? बाळ छातीशी आले की दूध उतरते.

येथे आपल्या घरांनाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. जन्मल्यावर तासाभरात आईचे दूध मात्र अवघ्या ४१.८ टक्के मुलांना मिळते. या दोन आकड्यांमधल्या दरीत रुग्णालयाची बेपर्वाई आहे तशी आपली मधाची बोटे, गुळाचे पाणी आणि घुटीही आहे. संस्कार म्हणून ज्या घरांत मध चाटवतात त्यांच्या श्रद्धेचा अवमान करण्याचा हेतू नाही. पण वर्षाच्या आतील मुलाला मधातून विषबाधेचा धोका असतो आणि सव्वा किलोच्या बाळाला तर आईच्या दुधाव्यतिरिक्त कोणताही पदार्थ वैद्यकीय सल्ल्यावाचून देणे म्हणजे जुगार आहे. तेच सोयराचे. बाळाला छातीशी धरण्याचा भार एकट्या आईने चोवीस तास वाहणे शक्य नसते. बापाने, आजीने, मावशीने पाळी घ्यायची असते. त्या दहा दिवसांत शिवाशिवीचा विचार बाळाच्या उबेच्या आड आणायचा का, हे ज्या त्या घराने ठरवावे. आणि पुरुषांनी शर्टाची बटणे सोडून बाळ उराशी घेण्यात लाजण्यासारखे काय आहे, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेले नाही.

काही आया आजारी असतात, काही या जगात राहत नाहीत. त्यांच्या बाळांसाठी दुसरीचे दूध ही कल्पना आपल्याला परकी नाही. आयुर्वेदाने धात्री कशी निवडावी याचे नियम सांगितले. संभाजीराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊचे नाव महाराष्ट्र आजही आदराने घेतो. याच परंपरेचे आधुनिक रूप मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९८९ रोजी उभे राहिले : डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी स्थापन केलेली मातृदुग्धपेढी, आशियातील पहिली. एका महापालिकेच्या, सदैव गर्दीने ओसंडणाऱ्या रुग्णालयात हे घडले, ही गोष्ट पुन्हा वाचावी अशी आहे. देणाऱ्या मातेची एड्स, कावीळ-ब, उपदंश यांसाठी तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून झटकन थंड केले जाते, जंतूंसाठी तपासले जाते आणि उणे २० अंशांवर गोठवून ठेवले जाते. २०१७ मध्ये केंद्र शासनाने अशा केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. मे २०२४ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने आईच्या दुधाचा व्यापार करू नये अशी स्पष्ट ताकीद दिली, तीही योग्यच झाली. गरीब घरातल्या आईने स्वतःच्या बाळाच्या तोंडचे दूध बाजारात विकावे, असा दिवस येता कामा नये.

तरीही या पेढ्यांची संख्या गरजेच्या मानाने तोकडी आहे, आणि रक्तदानाची शिबिरे उत्साहाने भरवणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांच्या यादीत दुग्धदान अद्याप आलेले नाही. सुशिक्षित घरातील एखादी सून बाळाचे पोट भरून उरलेले दूध न्हाणीघरात पिळून टाकते, आणि त्याच शहरात कुणाचे तरी आठशे ग्रॅमचे बाळ डब्याच्या दुधावर असते. यात तिचा दोष नाही. तिला कुणी सांगितलेलेच नाही.

मध्यमवर्गीय घरांचा आणखी एक अपराध आहे, आणि तो मी सौम्य शब्दांत मांडणार नाही. मुहूर्त पाहून सिझेरियन करून घेण्याचे प्रमाण आपल्या परिचयातच वाढते आहे. गुरुपुष्य साधायचे, अमावास्या टाळायची, कधी नुसता डॉक्टरांच्या सुट्टीचा प्रश्न सोडवायचा म्हणून बाळाला ३६-३७व्या आठवड्यात बाहेर काढले जाते. वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवड्यांआधी शस्त्रक्रिया ठरवू नये, असा संकेत आहे, कारण तोवर फुप्फुसे आणि मेंदू यांची वाढ चालूच असते. कुंडलीतील ग्रह अनुकूल आणि बाळ मात्र श्वासासाठी धडपडत काचेच्या पेटीत, हा कुठला योग? ज्योतिषावर श्रद्धा असणाऱ्यांनीही विचार करावा : जन्मवेळ जर दैवाधीन असेल, तर ती आपण ठरवून दिलेली चालते कशी?

बाळ घरी आले की पेढे वाटून प्रकरण संपते, असे अनेकांना वाटते. तिथेच सर्वाधिक हलगर्जी होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्यावरील रक्तवाहिन्या वाढायच्या राहिलेल्या असतात. १९४०-५० च्या दशकांत पाश्चात्त्य देशांत पेटीतील बाळांना अमर्याद ऑक्सिजन दिला गेला आणि हजारो मुले आंधळी झाली. ऑक्सिजन मोजून द्यायला जग त्यातून शिकले; आपल्या लहान गावांतील कक्षांत तो शिस्तीने मोजला जातोच असे नाही. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचे डोळे जन्मापासून तीस दिवसांच्या आत तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत, फार लहान बाळाचे त्याहून लवकर. विकार वेळीच सापडला तर लेझर उपचाराने दृष्टी वाचते. काही आठवडे उशीर झाला तर मग कोणताही उपाय नाही. कर्नाटकात डॉ. आनंद विणेकर यांच्या उपक्रमाने २००८ पासून प्रशिक्षित तंत्रज्ञ कॅमेरा घेऊन तालुक्यांच्या रुग्णालयांत जातात, छायाचित्रे तज्ज्ञांकडे पाठवतात. शेजारच्या राज्याचे हे काम प्रत्येक जिल्ह्यात उचलण्यासारखे आहे.

वाढ मोजण्याचीही एक रीत आहे. दोन महिने आधी आलेल्या मुलाचे वय दोन वर्षांचा होईपर्यंत ते दोन महिने वजा करून मोजायचे. 'आमचा सहाव्या महिन्यात बसला होता' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांनी एवढे गणित केले तरी त्या आईचे पुष्कळ अश्रू वाचतील. लोह आणि ड जीवनसत्त्वाचे थेंब बहुधा लागतात, कारण त्यांचा साठा गर्भवासाच्या शेवटच्या महिन्यांत होतो. श्रवण तपासून घ्यावे. मान धरायला, नजर स्थिरावायला वाजवीपेक्षा उशीर होत असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यावे.

आणि हे सारे शहरी चैनीचे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बाळाची ऊब, स्तनपान आणि संसर्गाची लक्षणे व उपचार शिकवले; १९९९ साली 'लॅन्सेट' मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाली. २०११ पासून आशाताई घरोघरी जाऊन बाळ पाहतात, त्याचे मूळ या कामात आहे. आशाताई दाराशी आली की 'आमचे डॉक्टर आहेत' म्हणून तिला परतवू नये.

नोकरी करणाऱ्या आईचा प्रश्न यापुढचा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली. पण बाळ दोन-अडीच महिने रुग्णालयातच राहिले तर रजेचा मोठा हिस्सा तिथल्या बाकावर संपतो आणि ते घरी आल्यावर, त्याला सर्वाधिक गरज असताना, आई कामावर रुजू होते. ब्रिटनने एप्रिल २०२५ पासून अशा आई-बापांना जास्तीत जास्त १२ आठवड्यांची वेगळी रजा दिली आहे. आपल्या कायद्यात हा विचार यायला हवा.

कायदा बदलायला वेळ लागेल. आपल्या वाचकांपैकी अनेक जण धर्मादाय रुग्णालयांचे विश्वस्त आहेत, देणगीदार आहेत, सेवावस्त्यांत काम करणारे आहेत. ज्या रुग्णालयाच्या कोनशिलेवर आपले नाव आहे तेथील नवजात कक्षाच्या दारावरची वेळेची पाटी कोणी लावली, ती काढून प्रत्येक पेटीशेजारी आईसाठी एक खाट किंवा निदान एक आरामखुर्ची ठेवता येईल का, आणि जवळची दुग्धपेढी किती अंतरावर आहे, हे तीन प्रश्न विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यायला कोणत्याही शासकीय आदेशाची आवश्यकता नाही.